हेडलाइटच्या काचा पिवळ्या पडल्यात, घासायच्या की बदलायच्या?

देवरुखची_सई

नमस्कार मंडळी,

गाडी स्विफ्ट, डिझेल, २००९ ची, एमएच ०८. बाबांची होती, आता मी चालवते. इंजिनाबद्दल काडीची तक्रार नाही. पंधरा वर्षं पूर्ण झाल्यावर पुढच्या पाच वर्षांसाठी नोंदणीचं नूतनीकरणही करून घेतलंय, म्हणजे इतक्यात विकायची नाही हे नक्की.

तक्रार पुढच्या दिव्यांची. दोन्ही काचा (प्लास्टिकच्या असतात हे ठाऊक आहे, पण सगळे काचच म्हणतात, मीही म्हणते) वरच्या अर्ध्या भागात पिवळट आणि धुरकट झाल्यात. उजवी जास्त. खालची पट्टी मात्र बऱ्यापैकी स्वच्छ आहे. उजव्या काचेवर वरच्या कडेला काहीतरी सोलल्यासारखं दिसतं, नख लावलं की पापुद्रा निघतो.

आईच्या डोळ्यांचे उपचार कोल्हापूरला चालू आहेत. सकाळी निघून संध्याकाळी परत यायचं म्हटलं तरी बांबवडे-मलकापूर सोडेपर्यंत अंधार पडतो आणि आंबा घाट रात्रीच उतरावा लागतो. पावसाळ्यात तिथलं धुकं ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. लो बीमवर कडेचा पांढरा पट्टा दिसत नाही, हाय बीम लावला तर समोर पांढरी भिंत. वर गंमत म्हणजे मी लो बीमवर असतानाही समोरचे ट्रकवाले डिपर मारतात. म्हणजे मला दिसत नाही आणि त्यांना खुपतंय. हे कसं काय?

आतापर्यंत मिळालेले सल्ले: (१) टूथपेस्ट लावा. (२) १०० वॉटचे बल्ब टाका. (३) दोन्ही दिवे नवीन टाका. (४) मशीनने पॉलिश करून घ्या. चौथा सल्ला गेल्या दिवाळीत एका दुकानात ऐकून झाला. गाडी बाहेर आली तेव्हा काचा नव्यासारख्या होत्या, शिमग्यापर्यंत पुन्हा पिवळट, आणि आता आधीपेक्षा वाईट. दुकानदार म्हणतो, "कोकणातली हवाच तशी." हवा मी बदलू शकत नाही.

तर प्रश्न असा की घरी काही करता येईल का? येत असेल तर टिकेल असं काय? नाहीतर सरळ बदलूनच टाकते.

बनियनबोळा

सईताई, पांढरी टूथपेस्ट (जेल नको), जुना सुती बनियन आणि अर्धा तास जोर. आमच्या सोसायटीत निम्म्या गाड्या मी अशाच चमकवल्यात. खर्च जवळजवळ शून्य. शिवाय पिवळी काच म्हणजे फुकटचा फॉगलॅम्प, धुक्यात पिवळा प्रकाशच चांगला म्हणतात ना? :)

लॅकरवाला

ताई, मी कोल्हापूरचा. उद्यमनगरात डेंटिंग-पेंटिंगचं शेड आहे. तुम्ही ज्या रस्त्यानं येता-जाता, त्याच रस्त्यावरच्या गाड्या माझ्याकडे येतात, त्यामुळं तुमच्या काचा न बघताही निम्म्या कळल्या. सविस्तर लिहितोय, चहा घेऊन बसा.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. काच पिवळी पडते ती घासायची राहिली म्हणून नाही, तिच्यावरचं आवरण मेलं म्हणून. कंपनीतून दिवा येतो तेव्हा प्लास्टिकवर एक कडक पारदर्शक थर असतो. उन्हापासून आणि ओरखड्यांपासून तोच वाचवतो. आठ-दहा वर्षं ऊन खाल्लं की तो सापाच्या कातीसारखा सुटायला लागतो. तुमच्या उजव्या काचेवर नखानं निघतोय तो पापुद्रा म्हणजे तोच. खालची पट्टी चांगली आहे कारण तिथं ऊन थेट लागत नाही.

आता दिवाळीत काय झालं असेल बघा. मशीन फिरवून वरचा खराब भाग उडवला, कंपाउंड लावून चमक आणली आणि गाडी दिली. राहिलासाहिला थरही बराचसा त्यात गेला, कडेला तेवढा उरला. नवीन काही लावलं नाही. उघडं प्लास्टिक उन्हात उभं राहिलं. मग शिमग्यापर्यंत टिकलं हेच नवल. त्यात हवेचा दोष नाही. अर्धं काम करून पूर्ण काम म्हणून दिलं एवढंच.

ट्रकवाल्यांचं कोडं पण त्यातच सुटतंय. धुरकट काचेतून प्रकाश सरळ जात नाही, फुटतो, चौफेर पसरतो. लो बीमला वरच्या बाजूला जी सरळ कापलेली रेघ असते ती पुसली जाते. रस्त्यावर पडायचा तो प्रकाश वर, समोरच्याच्या डोळ्यात जातो. बनियनबोळा साहेब, म्हणून पिवळी काच फॉगलॅम्प होत नाही. फॉगलॅम्पचं काम प्रकाश खाली आणि रुंद ठेवायचं, आणि ही काच नेमकं उलटं करते. पिवळ्या रंगापेक्षा तो धुरकटपणा घात करतोय.

पहिलं काम: ओल्या फडक्याची परीक्षा. काच धुवा आणि ओली असतानाच बघा. ओली असताना काच स्वच्छ, आरपार दिसली आणि वाळल्यावर परत धुरकट झाली, तर दोष वरच्या वर आहे, घासून जाणार. ओली असतानाही तसाच धुरकटपणा दिसला तर तडे खोल गेलेत किंवा दोष आतून आहे. मग बल्ब काढून आत बघा. मागची चांदीसारखी वाटी काळवंडली असेल, तिचं पॉलिश उडालं असेल, तर बाहेरून कितीही घासा, प्रकाश वाढणार नाही. तिथं नवीन दिवाच. आत पाणी साचत असेल तरी तेच. पावसात थोडी वाफ धरणं आणि दिवा लावल्यावर ती जाणं चालतंय, पण तळाला पाणी डुचमळत असेल तर सील गेलं समजा.

परीक्षा पास झाली असं धरून पुढं.

दिवा काढून करा. जमत असेल तर. स्विफ्टला बंपर सैल करायला लागतोय, कुठलाही गॅरेजवाला करून देईल. गाडीवरच करणार असाल तर बॉनेट, बंपर, फेंडर यांच्या कडांना मास्किंग टेपचे दोन थर लावा. घासताना हात घसरतोच, आणि एकदा बॉनेटच्या कडेचा रंग गेला की काचेपेक्षा मोठं काम माझ्याकडे घेऊन याल.

पेपर. पॉलिश पेपर म्हणा, वॉटर पेपर म्हणा, पाण्यात चालणारा हवा. थर सुटलेला आहे म्हणजे तुमची सुरुवात ४०० नंबरनं (नंबर जेवढा लहान तेवढा पेपर खरखरीत). नुसतं पिवळं असतं तर ८०० नं केली असती. पेपर आधी बादलीत भिजत टाका, पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब. बोटांनी दाबून घासू नका, बोटांच्या रेषा उमटतात. मऊ स्पंजाच्या तुकड्याला पेपर गुंडाळा, कारण काच गोलाईची आहे.

४०० आडवा चालवा. घासताना सुरुवातीला पाणी पिवळट निघेल. तो जुना थर निघतोय. पाणी दुधासारखं पांढरं यायला लागलं की प्लास्टिकला पोचलात. पण सगळीकडे पांढरं यायला पाहिजे, कोपऱ्यात सुद्धा. निम्मा थर ठेवून वर नवीन मारला तर त्याची कड नकाशासारखी दिसत राहते आणि तिथूनच पुन्हा सुटतं. लोक कंटाळतात ते इथं. जेवढा वेळ लागतोय त्यातला निम्म्याहून जास्त या पहिल्या पेपरला द्या.

मग ६०० उभा. आडव्या रेघा संपल्या की ८०० आडवा. दिशा बदलायचं कारण एवढंच की आधीच्या पेपरची रेघ शिल्लक असेल तर ती उठून दिसते. नंबर बदलला की पाणी बदला, काच धुवा. ४०० चा एक कण ८०० च्या पेपरखाली आला तर सगळं पहिल्यापासून.

इथं दोन वाटा फुटतात, आणि निम्मे लोक इथंच फसतात.

वरून क्लिअर मारणार असाल (गाडीच्या रंगावर मारतात तोच पारदर्शक थर, घट्ट करणारा हार्डनर घालून) तर ८०० किंवा फार तर १००० ला थांबा. काच दुधी, आंधळी दिसेल. भिऊ नका. क्लिअरला धरायला खडबडीत जागा लागते, आणि ओला थर त्या बारीक रेघा भरून काढतो. मारला की क्षणात आरपार दिसायला लागतंय. हौसेनं ३००० पर्यंत घासून, पॉलिश करून, आरसा करून मग क्लिअर मारणारे भेटतात. त्यांचा थर वर्षभरात पापडासारखा निघतो.

नुसतं फडक्यानं पुसून लावायचं कोटिंग वापरणार असाल तर मात्र १०००, १५००, २०००, ३००० असं चढत जा, मग रबिंग कंपाउंड, मग कोटिंग. कारण ते इतकं पातळ असतंय की रेघा भरत नाही.

तुमच्या उन्हाला आणि समुद्राच्या दमटपणाला मी पहिली वाट सुचवीन.

क्लिअर मारण्याआधी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. केमिस्टकडे मिळतंय. थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश काढायचं अॅसिटोन, यातलं काहीही नको. या प्लास्टिकला त्यानं बारीक तडे जातात, आणि ते लगेच दिसत नाहीत, आठवड्यानं दिसतात. त्याच कारणासाठी क्लिअरचा पहिला हात एकदम हलका, नुसता धुक्यासारखा. क्लिअरमध्येही थिनर असतोय, पहिलाच हात जाड मारला तर तो प्लास्टिक खातो. दहा मिनिटं थांबा, मग दोन भरलेले हात, मध्ये पुन्हा तेवढंच थांबून.

आणि आता घरी करण्याबद्दल. घासणं घरी करा, बिनधास्त. पण हार्डनरवालं क्लिअर घरी मारू नका. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतंय, ते फुप्फुसाला धरतं आणि एकदा त्याची अॅलर्जी झाली की आयुष्यभराची. कापडी मास्क त्याला काही करत नाही. आम्ही कार्ट्रिजवाला मास्क घालून मारतो. तुमच्या घरी आई आहेत, डोळ्यांचे उपचार चालू आहेत, नकोच ते.

त्यापेक्षा युक्ती सांगतो. ८०० पर्यंत घासून, दिवे धुऊन, कोरडे करून, स्वच्छ कापडात गुंडाळून ओळखीच्या पेंटरकडे द्या. म्हणावं, कुठल्यातरी गाडीचा क्लिअर मारशील तेव्हा उरलेल्यात मारून टाक. हार्डनर घातलेलं मटेरियल परत डब्यात जात नाही, दुसऱ्या दिवशी दगड होतंय. दोन दिव्यांना लागतंय किती, कपाच्या तळाला राहतंय तेवढं. चांगला पेंटर चहापाण्यावर करून देईल. फक्त विचारा की क्लिअर गाडीचाच आहे ना. उन्हापासून वाचवणारा मसाला त्यात असतो, फर्निचरच्या लॅकरमध्ये नाही.

मारल्यावर एक रात्र धूळ आणि दव लागू देऊ नका, आठवडाभर शाम्पूनं धुऊ नका. माझ्याकडची असली कामं दोन-तीन वर्षं सहज जातात.

पॉलिमरपुणेकर

लॅकरवाल्यांचा प्रतिसाद वाचनखूण साठवून ठेवण्यासारखा. मी प्लास्टिकच्या धंद्यात आहे, गाड्यांच्या नाही, म्हणून थोडी रसायनाची बाजू.

ही "काच" म्हणजे पॉलिकार्बोनेट. आरपार दिसणारं, साधारण ८८-९० टक्के प्रकाश जाऊ देणारं आणि आघात सोसण्यात भलतंच दणकट. दगड लागला तरी फुटत नाही म्हणून तर काचेच्या जागी आलं. पूर्वी मारुती ८०० ला खरी काच होती, ती पिवळी पडत नसे, फुटत असे. अमेरिकेत तर १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत काचेच्या बंद दिव्यांचीच सक्ती होती. १९८४ च्या लिंकन मार्क सेव्हनपासून तिथे गाडीच्या आकाराला बसणारे, प्लास्टिकच्या काचेचे दिवे सुरू झाले.

पॉलिकार्बोनेटचे दोन दोष. पृष्ठभाग मऊ, आणि अतिनील किरण वर्ज्य. त्या किरणांनी प्लास्टिकच्या रेणूंच्या साखळ्या तुटतात, हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होतो आणि पिवळट रंगाची संयुगं तयार होतात. हे सगळं पृष्ठभागाच्या अगदी वरच्या थरात होतं, म्हणूनच घासून जातं. आत प्लास्टिक ठणठणीत असतं.

बनियनबोळा, टूथपेस्टबद्दल: तुमचा जोर वाया जात नाही, पण दात घासण्यासाठी असलेली सिलिका किंवा खडू हा फार सौम्य घासणारा पदार्थ आहे. धुरकटपणा थोडा उतरतो, संरक्षण शून्य. सोसायटीतल्या त्याच गाड्या दर दोन महिन्यांनी तुमच्याकडेच येत असतील तर कारण हे. :)

आंतरजालावर आणखी एक "जादू" फिरते, डास पळवायचा स्प्रे मारा आणि पुसा. काच खरंच लगेच चकचकीत होते. कारण त्यातलं डीईईटी हे द्रावक आहे, ते प्लास्टिकचा वरचा थर विरघळवून सपाट करतं. थोड्याच दिवसांत पृष्ठभाग चिकट आणि पुन्हा धुरकट. शिवाय ते गाडीच्या रंगालाही खातं. कृपया करू नका.

बनियनबोळा

दर दोन महिन्यांनी येतात हे खरं आहे. मला वाटायचं माझ्या गप्पांसाठी येतात.

हडसनकाठचा

न्यू जर्सीहून. आकडे लागत असतील तर: इथली वाहनचालकांची मोठी संघटना ट्रिपल-ए, तिने २०१८ मध्ये जुन्या, पिवळ्या पडलेल्या दिव्यांची मोजणी केली होती. अशा दिव्यांतून नव्याच्या तुलनेत जेमतेम २० टक्के प्रकाश पडत होता. काचा घासून दुरुस्त केल्यावर साधारण ७० टक्क्यांपर्यंत परत आला. कंपनीचे नवे दिवे टाकले तर अर्थातच पूर्ण, बाजारातल्या इतर कंपन्यांचे टाकले तर ८३ ते ९० टक्क्यांच्या दरम्यान.

माझ्या जुन्या कॅमरीला मी क्लिअर मारायच्या भानगडीत न पडता वरून पारदर्शक पीपीएफ फिल्म (पेंट प्रोटेक्शन फिल्म, गाडीचा रंग जपायला चिकटवतात ती) लावली. ३००० पर्यंत घासून, पॉलिश करून, साबणपाण्याने फिल्म बसवली. फिल्म पिवळी पडली की उपटून नवी लावायची, पुन्हा घासणं नाही. भारतातही ही फिल्म लावणारे आता सगळीकडे झालेत.

देवरुखची_सई

बाप रे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. लॅकरवाले दादा, मनापासून आभार.

फडक्याची परीक्षा आत्ताच केली. डावी काच ओली असताना एकदम स्वच्छ. उजवी बरीचशी स्वच्छ, पण पापुद्रा आहे तिथे पांढरट ठिपका राहतो. आतली चांदी दोन्हीकडे चकचकीत आहे. म्हणजे पास समजू ना?

पुढचे प्रश्न: (अ) आत्ता पावसाळा तोंडावर आहे, आत्ता करू की थांबू? (आ) फिल्म की क्लिअर? (इ) बल्बचं काय, १०० वॉटचे टाकले तर फरक पडेल का?

लॅकरवाला

पास. पापुद्र्याखालचा ठिपका म्हणजे थर सुटून आत हवा शिरली आहे. ४०० नं तो भाग निघाला की जाईल.

(अ) घासून उघडी काच पावसाळ्यात ठेवू नका. दमट हवेत क्लिअर मारला तर वाळताना त्यावर दुधी झाक येते, आम्ही मारतच नाही, मारला तर शेडमध्ये दिवे लावून तापवून. तुम्हाला आत्ता पावसाळाभर रात्रीचा घाट आहे, म्हणून दिवाळीपर्यंत थांबा असं मी म्हणणार नाही. मृग लागायच्या आत, कोरडा दिवस बघून, सकाळी दहाच्या पुढं, सावलीत. उन्हात ठेवून मारू नका, तापलेल्या काचेवर क्लिअर पसरायच्या आत वाळतो आणि संत्र्याच्या सालीसारखे दाणे येतात. कोल्हापूरला येणारच आहात तर घासलेले दिवे... नको, दिवे काढून गाडी चालवणार कशी! देवरुखातच पेंटर बघा.

(आ) फिल्म वाईट नाही. पण तुमच्या काचेची गोलाई बरीच आहे, टोकाला फिल्म ओढून बसवायला सराव लागतोय. बसवणाऱ्याचा हात चांगला असेल तर लावा. एक मात्र, न घासता पिवळ्या काचेवरच फिल्म चिकटवणारे आहेत. तसलं करून घेऊ नका, पिवळं आत कोंडून वरून फिल्मचे पैसे.

(इ) बल्बवर बोलणारा माणूस वेगळा आहे इथं, त्यांना हाक मारतो. @घाटमार्गी

घाटमार्गी

हाक पोचली. :) पेशाने ऑटो इलेक्ट्रिशियन, राहायला कराड.

सईताई, तुमच्या गाडीत एच-फोर बल्ब आहे, ६०/५५ वॉट. म्हणजे हाय बीम ६०, लो बीम ५५. शंभर वॉटचा टाकला तर तीन गोष्टी होतात. होल्डर आणि वायर तापतात, होल्डरचं प्लास्टिक तपकिरी होऊन वितळायला लागतं. आतली वाटी भाजते, आज चकचकीत आहे म्हणालात ती मग राहणार नाही. आणि काच धुरकटच असेल तर वाढलेला प्रकाशही समोरच्याच्याच डोळ्यात. धुक्यात तर पांढरी भिंत आणखी पांढरी. स्वस्तातले एलईडी बल्ब या वाटीत बसवण्याचंही तेच. वाटी तारेच्या बारीक ज्योतीसाठी घडवलेली असते, एलईडीच्या चिपा थोड्या जरी इकडेतिकडे असल्या तरी बीम विस्कटतो.

त्याऐवजी हे करा. इंजिन चालू ठेवून, दिवे लावून, बॅटरीवर मल्टिमीटरने व्होल्टेज मोजा आणि मग बल्बच्या कनेक्टरवर मोजा. पंधरा वर्षांच्या गाडीत मधल्या स्विचात, जोडांत, अर्थिंगच्या गंजलेल्या बोल्टात एखादा व्होल्ट सहज हरवतो. किरकोळ वाटतं, पण फिलामेंटच्या बल्बला व्होल्टेज १० टक्के कमी मिळालं तर प्रकाश जवळजवळ ३० टक्के घटतो. कोकणातल्या गाड्यांत मला बहुतेक वेळा बॉडीला जोडलेली अर्थिंगच गंजलेली सापडते. ती घासून घट्ट केली तरी उजेड पडतो. फरक व्होल्टभरापेक्षा जास्त असेल तर रिलेवालं हार्नेस (दिव्यांना थेट बॅटरीतून वीज देणारी वेगळी वायरिंग) टाकून घ्या, बल्ब मूळ वॉटचाच ठेवून. बल्ब कधी बदललेत? जुना झालेला हॅलोजन आतून काळसर होतो, उजेड कमी देतो. जोडीने बदला.

आणि दिवे काढून परत बसवल्यावर बीम सेट करायला विसरू नका, हे सगळे विसरतात. सपाट जागा, समोर भिंत, दहा मीटर अंतर. टायरमधली हवा बरोबर, टाकी निम्मी, ड्रायव्हरच्या जागी कुणीतरी बसलेलं. डॅशवर दिव्यांच्या उंचीचं चाक असेल तर ते शून्यावर. दिव्याच्या केंद्राची जमिनीपासूनची उंची मोजा, भिंतीवर तेवढ्या उंचीवर आडवी रेघ मारा. लो बीमची वरची कड त्या रेघेच्या साधारण १० सेंटिमीटर खाली यायला हवी. कड डावीकडे थोडी वर चढलेली दिसेल, ती तशीच हवी, आपल्याकडे कडेचा पट्टा आणि चालणारी माणसं दिसावीत म्हणून ती असते. मागे सामान भरून घाट चढणार असाल तेव्हा तेच चाक एक-दोन घरं फिरवून बीम खाली करा.

आंबा घाटातल्या धुक्याबद्दल एवढंच: हाय बीम नको, बंपरमध्ये खाली फॉगलॅम्प असतील तर लो बीमबरोबर तेच, आणि पार्किंगचे चारही इंडिकेटर चालू ठेवून गाडी चालवू नका. मागच्याला तुम्ही थांबलात की चालताय ते कळत नाही आणि तुम्ही वळताय हे तर मुळीच कळत नाही. तिकडचे निम्मे लोक तसंच चालवतात.

देवरुखची_सई

चारही इंडिकेटर मी लावत नाही, पण पुढचा लावतो तेव्हा शिव्या घालते, त्यामुळे तेवढ्यापुरती सहमत. :)

ठरलं मग. घासणं मी आणि भाऊ मिळून अंगणात करतो, क्लिअरसाठी मार्लेश्वर फाट्यावरच्या पेंटरला विचारलंय, तो एका टेम्पोचं काम करणार आहे, त्यात मारून देतो म्हणाला. लॅकरवाले दादा म्हणाले तसंच, "उरतंयच की." अर्थिंग भाऊ बघेल, त्याच्याकडे मल्टिमीटर आहे.

एक शेवटची शंका, पॉलिमरपुणेकरांना. मागचे लाल दिवे तेवढीच वर्षं त्याच उन्हात आहेत. ते का पिवळे पडत नाहीत? लाल असल्यामुळे दिसत नाही इतकंच का?

पॉलिमरपुणेकर

छान प्रश्न. लाल रंगामुळे थोडं लपतं, पण मुख्य कारण ते नाही. मागचे दिवे बहुधा अॅक्रिलिकचे, म्हणजे पीएमएमएचे असतात. अॅक्रिलिक उन्हाला मुळातच चिवट, वर्षानुवर्षं पिवळं पडत नाही. मग पुढेही तेच का नाही वापरत? एक, ते ठिसूळ आहे. पुढच्या दिव्यावर समोरच्या ट्रकच्या चाकाखालची खडी येते. दोन, उष्णता. अॅक्रिलिक साधारण १०५ अंशांना मऊ पडायला लागतं, पॉलिकार्बोनेट १४५ च्या पुढे. हॅलोजनच्या तोंडासमोर अॅक्रिलिक ठेवणं धोक्याचं. म्हणून पुढे दणकट पण उन्हाला नाजूक असं प्लास्टिक घ्यायचं आणि वरून थर द्यायचा, हा तोडगा.

मागच्या दिव्यांना पेपर लावू नका. त्यांना नुसतं धुऊन, वाटलंच तर कंपाउंडचा हलका हात पुरतो.

लॅकरवाला

आणि ताई, पेंटरला एक सांगा. टेम्पोचं काम झाल्यावर मारणार असेल तर क्लिअर कालवून किती वेळ झालाय ते विचारा. तासाभराच्या आतलं चालतंय. घट्ट व्हायला लागलेलं मटेरियल थिनर ओतून पातळ करून मारत असेल तर दिवे उचला आणि दुसऱ्या गाडीची वाट बघा.